सहाशेला जेऊर

शिवगंगा अक्कांशी बोलायला तीन मिनिटं मिळतात. ती संपली की त्या समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर थांबवून विचारतात, "थ्री मिनिट्स ओव्हर. वाढवायचं काय?" आपण हो म्हटलं तर आणखी तीन मिनिटं. आपण गोंधळून गप्प राहिलो तर अक्का उठून निघून जातात. मग आपण त्यांच्याच घरात बसलेले का असेना.

त्यासाठी त्या घड्याळ बघत नाहीत. सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. गावोगावचे फोन हाताने जोडून द्यायचे आणि तीन मिनिटांनी मधे तोंड घालायचं, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की ते घड्याळ आता त्यांच्या हाडांत चालतं. एकदा त्या गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी गुडघा दाबला, मुडपला, आणि म्हणाले, "आता असं करा, रोज सकाळी..." तेवढ्यात वेळ संपली. अक्का उठून घरी आल्या. रोज सकाळी काय करायचं होतं, ते अजून कळलेलं नाही.

"करते की काहीतरी," अक्का म्हणतात. "चहा करते."

होटगी रोडवरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये अक्का सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि मी त्यांच्या खालच्या मजल्यावर, आईबरोबर. त्या मला 'तंगी' म्हणतात. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. पण आमच्या शेजारी पुण्याहून राहायला आलेल्या वहिनींना हे माहीत नव्हतं. पहाटे पहाटे जिन्यातून "तंगी! ए तंगी!" अशा हाका ऐकून त्यांना वाटलं, म्हातारीवर फारच वाईट दिवस आले आहेत. त्यांनी पाच किलो गहू वर नेऊन दिले. अक्कांनी ठेवून घेतले.

अक्कांच्या जगात कामाचे प्रकार ठरलेले आहेत. एकदा दार वाजलं तर ऑर्डिनरी. दोनदा वाजलं तर अर्जंट. सलग तीनदा म्हणजे लाइटनिंग. टाकी भरून वाहणं लाइटनिंग, कुणी वारणं ऑर्डिनरी, कारण "आता घाई कसली?" याशिवाय एक खास प्रकार म्हणजे पी.पी., पर्टिक्युलर पर्सन. ज्याच्याशी बोलायचं तोच माणूस पलीकडे आला तर फोन जोडायचा, दुसरं कुणी आलं तर नाही. मी घरी नसले आणि आईने दार उघडलं, तर अक्का "पी.पी. होता," एवढंच म्हणून परत वर जातात. आईला याचा फार राग येतो. स्वतःच्या घराचं दार उघडूनही ती चुकीचं माणूस ठरते.

मला स्वतःला फोनवर बोलता येत नाही. वाजणारा फोन मी वाजू देते, आणि थांबला की मेसेज पाठवते. ऑफिसचं काम घरूनच असतं, मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असतो. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे लाइन चालू असून उचलत नाहीस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "अय्यो शिवा," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी तीन मिनिटं व्हायच्या आधीच गेल्या.

तरीही त्यांनी मलाच धरलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. आमच्या बिल्डिंगच्या दृष्टीने इंग्लिश मीडियम म्हणजे वॉरंटी कार्ड वाचणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी दार तीनदा वाजलं. अक्का उभ्या होत्या, हातात पेपरचं कात्रण.

"तंगी, मला टेलिफोटो लेन्स घ्यायची हाय. इंग्लिशमध्ये काय काय लिहिलंय ते वाचून सांग."

कात्रणात जेऊरकडच्या धरणाच्या पाण्याची बातमी होती. पाण्यावर रोहित पक्षी उतरले आहेत, बघायला लांबून लोक येतात, आणि टेलिफोन खात्यातले एक निवृत्त कर्मचारी रोज सकाळी तिथे येऊन पाहुण्यांना पक्ष्यांची माहिती देतात. नाव दिलं नव्हतं. फोटोत पुष्कळ पक्षी होते आणि तीन माणसांच्या पाठी.

मग अक्कांनी सांगितलं. सलग नाही, तीन-तीन मिनिटांच्या हप्त्यांनी, चार दिवस.

एक्स्चेंजमध्ये कुणाला नाव नसायचं. गावाचं नाव तेच माणसाचं नाव. अक्का म्हणजे 'सोलापूर'. मोहोळ भांडखोर होता. कुर्डुवाडीला बारा महिने सर्दी. होटगी बाई होती, लाइन मोकळी असली की गाणं म्हणायची.

"आणि जेऊर?" मी विचारलं.

"जेऊर बरा होता," अक्का म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या. तो स्वच्छच होता.

दुपारी काम कमी असलं की लाइन तपासायच्या निमित्ताने जेऊर बोलायचा. धरणाचं पाणी आज कुठवर आलं, कोणत्या बाभळी बुडाल्या, कोणते पक्षी उतरले. गुलाबी पायांचे, वाकड्या चोचीचे, डोकं उलटं करून खाणारे. अक्कांनी रोहित पक्षी आधी कानाने बघितले ते असे. मग एस.टी.डी. आली, लोक आपले आपण फोन लावायला लागले, बोर्ड काढून नेले. त्या दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं. सोलापूर ते जेऊर पॅसेंजरने फार तर एक सकाळ लागते.

"मग कधी गेला नाहीत?"

"लाइन होती तवा जायची गरज न्हवती. लाइन गेल्यावर कुठल्या तोंडानं जायचं? तोंड त्यानं बघितलंय कुठं?"

आता मात्र त्यांना जायचं होतं. पण लांबून. आधी त्या बघणार, त्यांना कुणी बघणार नाही. "पी.पी. कॉल हाय," त्यांनी मला समजावलं. "माणूस तोच हाय का बघायचं. जोडायचं का न्हाई, ते मग ऑपरेटरच्या हातात."

मला हे अगदी पटलं. कुणालाही भेटण्याची याहून बरी पद्धत मला माहीत नाही.

नवी पेठेत इरफानभाईंचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. लग्नाचे फोटोवाले तिथून सामान घेतात. अक्कांनी काउंटरवर आधी पेन्शनचं कार्ड ठेवलं.

"ये क्या है जी?" इरफानभाई म्हणाले.

"टेलिफोटो पायजे. टेलि म्हणजे आमचं खातं. स्टाफला सवलत किती?"

टेलिफोटोचा टेलिफोन खात्याशी काही संबंध नाही, हे इरफानभाईंनी हिंदीत, मराठीत आणि शेवटी हात जोडून सांगितलं. अक्कांनी ते मान्य केलं नाही. "लांबचं जवळ आणतंय का?" "हौ." "मग खातं आमचंच."

पहिली लेन्स सत्तर ते तीनशेची होती. इरफानभाई म्हणाले, हलकी आहे, नवशिक्यांना चांगली. अक्कांनी आकडे वाचले आणि ते सोलापूर-जेऊर गाडीच्या स्टेशनांवर मोजून बघितले. "दीडशे म्हणजे मोहोळ धर. मग तीनशे म्हणजे कुठं? माढा. माढ्यात उतरून मी काय करू?"

दुसरी शंभर ते चारशेची. "चारशे म्हणजे कुर्डुवाडी. तिथं गाडी बदलायची व्हय?"

तिसरी दीडशे ते सहाशेची. हातात धरल्यावर ती एखाद्या तान्ह्या बाळाएवढी जड लागत होती. सहाशेला जेऊर येत होतं. अक्कांचा चेहरा उजळला. मग त्यांनी ती लेन्स उचलून कानाला लावली.

"अक्का, इसकू आँख लगाते! कान नक्को लगाव!"

"गप रे. आतनं खरखर येतीय. लाइन खराब हाय ही."

ती फोकसच्या मोटरची घरघर होती. मोटर म्हटल्यावर ती वाजणारच, हे मी इंग्लिशमधून मराठीत आणि मराठीतून अक्कांच्या खात्यात भाषांतर करून सांगितलं. पटलं नाही. त्या दिवशी लेन्स घेतली नाही. नुसता कॅमेरा घेतला.

पुढची दोन वर्षं आम्ही लेन्स निवडत होतो.

मी रिव्ह्यू वाचायचे, अक्का ऐकायच्या. लेन्स हलली तरी फोटो हलत नाही, याला त्या "बॅलन्स केलेली लाइन" म्हणत. किमान किती अंतरावर उभं राहिलं तर दिसतं, हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "किमान राहू दे, कमाल सांग." टेलिफोटोने निसर्गदृश्य काढलं तर मागचे डोंगर पुढच्या झाडांना चिकटून दिसतात, हे त्यांना फार आवडलं. "मागचं पुढं येतंय? चांगलं हाय की." मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात कोणती लेन्स बसवू, दूरची की जवळची? अक्कांनी उलट विचारलं, झूम होते का?

इंटरनेटवर फोटोग्राफरांचा एक ग्रुप आहे. तिथे मी नाव न देता लिहिलं: रोहित पक्षी, दीडशे मीटर अंतर, डोळ्यांखालच्या सुरकुत्या दिसल्या पाहिजेत. अकरा पुरुषांनी उत्तरं दिली. चेन्नईच्या एका गृहस्थांनी कळवलं की रोहित पक्ष्यांना सुरकुत्या नसतात.

गच्चीवर सराव चालायचा. इरफानभाई कंटाळून अधूनमधून लेन्स एका दिवसासाठी देत. रानातले प्राणी नव्हते, म्हणून पलीकडच्या मोकळ्या जागेत बांधलेली शेळी. पहिल्याच दिवशी शेळीचं तोंड पडद्यावर एवढं मोठं आलं की अक्का दचकून "नमस्कार" म्हणाल्या. कॅमेऱ्यात डोळे आपोआप शोधायची सोय होती, पण तो शेळीचे डोळे सोडून रस्त्यावरच्या ट्रकच्या मागे रंगवलेले राक्षसाचे डोळे धरायचा. समोरच्या बिल्डिंगमधल्या पाटीलवहिनी भांडायला आल्या, आमच्या स्वयंपाकघरात बघता म्हणून. अक्का म्हणाल्या, "बघितलं. चटणीला शेंगा करपवल्यास. थ्री मिनिट्स ओव्हर."

प्रत्येक लेन्समध्ये काहीतरी खोट निघायची. ही जड, ती काळी, तिसरीचं झाकण सैल. पहिल्या उन्हाळ्यात निवड झाली नाही. पाऊस आला, धरणाचं पाणी चढलं, पक्षी गेले. दुसऱ्या उन्हाळ्यातही तसंच. पक्षी नाहीत म्हणजे पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नसले की तो माणूस पाण्यावर येणार कशाला? मला हळूहळू कळायला लागलं होतं की खोट लेन्समध्ये नाही. लेन्स ठरली की जावं लागणार होतं. न ठरण्यात काय सुख असतं, ते मला कुणी शिकवायला नको.

यंदाच्या मे महिन्यात एक दिवस अक्का जिन्यात भेटल्या. दार न वाजवताच.

"होटगी वारली," त्या म्हणाल्या. "गाणं म्हणायची ती."

त्या वर गेल्या. मी घरात आले आणि इरफानभाईंना फोन केला. मेसेज नाही, फोन. तो उचलला गेला तेव्हा मला घाम फुटला होता. "दीडशे ते सहाशे ठेवा," मी म्हटलं. "आम्ही आज येतो." संध्याकाळी अक्कांनी लेन्स घेतली. कानाला लावली नाही.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. गाडी ठरवली होती, ड्रायव्हर मंद्रूपकडचा रेवणसिद्ध. पक्षी बुजू नयेत म्हणून मातकट रंगाचे कपडे घालायचे, असं मी अक्कांना वाचून दाखवलं होतं. त्या हिरवी इरकल नेसून खाली आल्या. काठ लाल, पदर लाल, केसांना तेल, अंबाड्यावर मोगरा.

"झाडाचा रंग हाय की," त्या म्हणाल्या. मी काहीच विचारलं नव्हतं.

मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली. कडक भाकरीचा डबा अक्कांनी मांडीवर घट्ट धरला होता. जेऊरच्या पुढे कच्च्या रस्त्याने पाण्याकडे वळलो, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पाण्यावर लांबवर गुलाबी पट्टा दिसत होता. काठाला एक मोठी बाभूळ, तिच्याखाली दोन होड्या उलट्या टाकलेल्या आणि त्यांवर तीन म्हातारे बसलेले.

आम्ही बरंच अलीकडे, बांधाच्या आडोशाला कॅमेऱ्याची तिवई लावली. अक्कांनी डोळा लावला. रेवणसिद्ध मागून म्हणाला, "आज्जी, पक्षी तकडं हायती. तुमी हिकडं कुटं बघताय?"

"तू गाडीत बस," अक्का म्हणाल्या.

लेन्स अप्रतिम होती. टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या कानातले केस मोजता आले असते. दुसऱ्याच्या गळ्यात दुर्बीण होती. तिसरा निळ्या शर्टात, तंबाखू चघळत बसलेला. तिघेही सत्तरीचे. अक्कांनी एकेकावर सावकाश लेन्स फिरवली. मग मला बघायला सांगितलं.

"दुर्बीणवाला असेल," मी म्हटलं. "देखणा आहे."

"म्हणूनच शंका येतीय."

"मग टोपीवाला?"

अक्कांनी पुन्हा डोळा लावला. फार वेळ लावून ठेवला. मग तिवईपासून बाजूला झाल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी त्यांची चप्पल लपवली आहे.

"तंगी, ह्यातला जेऊर कोण?"

दोन वर्षं. अक्का, मी, इरफानभाई आणि इंटरनेटवरचे अकरा पुरुष. एवढी साधी गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. अक्कांनी जेऊरला कधी बघितलंच नव्हतं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या सहाशेवर लखलखीत दिसत होत्या, पण त्या कोणाच्या सुरकुत्या आहेत हे सांगणारी लेन्स अजून निघालेली नाही.

"त्यांचा फोन नंबर?" मी विचारलं.

"आमी लोकांना नंबर द्यायचो. आमचा नंबर कोन घेणार?"

त्या बांधावर बसल्या. बराच वेळ मातीत काडीने काहीतरी कोरत राहिल्या. मग उठून साडी झटकली. "साकु," म्हणाल्या. पुरे. "बघितलं की. तिघंबी बरे हायत. चल, गाडी काढायला सांग."

एरवी मी गाडी काढायला सांगितली असती.

"जवळ जावं लागेल, अक्का," मी म्हटलं.

"बघितलं म्हटलं न्हवं?"

"बघायला नाही. ऐकायला."

अक्कांनी पाण्याकडे बघितलं, बाभळीकडे बघितलं. अंबाड्यावरचा मोगरा चाचपला. "तू चल संगं."

मी मान हलवली. मला जमलं नसतं, आणि ते त्यांनाही कळलं.

"मग हे धर," त्या म्हणाल्या, आणि माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर ठेवून निघाल्या.

मी डोळा लावला. भेगाळलेल्या मातीवरून हिरवी साडी चालत होती, मधेच थांबत होती, पुन्हा चालत होती. होड्यांपाशी अक्का पोचल्या, पण थांबल्या नाहीत. म्हाताऱ्यांकडे न बघता त्या पुढे चार पावलं गेल्या आणि वळल्या. त्यांच्याकडे पाठ, तोंड माझ्याकडे. पाहुणी बाई आपली गाडी कुठे आहे ते शोधतेय, अशा उभ्या राहिल्या. आणि डोळे मिटून घेतले.

त्यांच्या मागे टोपीवाल्याचं तोंड हललं. अक्का हलल्या नाहीत. दुर्बीणवाला काहीतरी हातवारे करत बोलला. अक्का हलल्या नाहीत. मग पुष्कळ वेळ कुणीच बोललं नाही. माझ्या हाताला रग लागली होती. निळ्या शर्टाने बाजूला वळून तंबाखू थुंकली, तोंड पुसलं, पाण्याकडे बोट केलं आणि बोलायला लागला.

अक्कांनी ओठ आत घेतले. हसू आवरताना घेतो तसे, किंवा दुसरं काही आवरताना. वळल्या मात्र नाहीत. डोळे मिटूनच त्यांनी एकच काहीतरी म्हटलं, अगदी थोडं, एखाद्या गावाच्या नावाएवढं.

निळ्या शर्टाचं बोट हवेतच राहिलं. दुसरे दोघे अजून काही बोलत होते, त्यांना त्याने हात करून गप्प केलं. मान तिरकी केली. त्यानेही अक्कांकडे बघितलं नाही. खाली मातीकडे बघत, पुन्हा ऐकू येतंय का याची वाट बघत बसला. अक्कांनी पुन्हा तेच म्हटलं. या खेपेला तो काहीतरी बोलला.

"ताई," माझ्या मागे रेवणसिद्ध येऊन उभा होता, "लई येळ झाला की. दिसतंय का न्हाय काय?"

"फोन लागला," मी म्हटलं, आणि लेन्सवर झाकण बसवलं.